बुरशीवर वाढलेला भाडेपट्टा

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. नंतर कुणी डोळे वटारायचे नाहीत. या इमारतीत मी आजवर जे जे सांगितलं त्यातलं अर्धं लोकांनी खोटं मानलं आणि उरलेलं अर्धं ऐकूनच घेतलं नाही. पण ही गोष्ट वेगळी आहे. आमच्या इमारतीचा मालक या घरात आला, त्यानं या भिंतीवरची बुरशी बोटानं खरवडली, चाटली, मिटक्या मारल्या, आणि मग इथंच बसून माझा भाडेपट्टा वाढवून दिला. बरोबर त्या खुर्चीच्या जागी.

"शी!" म्हणत शिंपीण खुर्चीतून उठली आणि खुर्ची दुसरीकडे ओढून बसली.

शिंपीण खालच्या मजल्यावर राहते. तिच्याही पट्ट्याची मुदत सरत आलेली. पुढच्या आठवड्यात व्हॅल्युअर तिच्या घराची किंमत काढायला येणार होता, आणि कुणीतरी तिच्या कानात घातलं होतं की थापाडे काकांनी मोठी युक्ती लढवून आपला पट्टा वाढवून घेतला, त्यांना जाऊन विचार. थापाडे हे माझं आडनाव नव्हे. ते मला लोकांनी प्रेमानं दिलंय आणि मी ते अजून परत केलेलं नाही. शेजारचा घड्याळजी न बोलावता येऊन बसला होता, कारण तो नेहमीच न बोलावता येतो. आणि आमची ही खिडकीपाशी मांडीवर परात घेऊन मटार सोलत होती. ऐकत नव्हती, असं मला वाटत होतं.

"काका, मला फक्त एवढं सांगा, मी काय करू?" शिंपीण म्हणाली. "माझी दोन्ही मशिनं त्या घरात आहेत. घर गेलं तर माझं दुकानही गेलं."

"सांगतो. पण मुळापासून सांगितलं नाही तर तुला त्यातली घाण कळणार नाही."

हा फ्लॅट माझा आहे. आयुष्यभर रंगाऱ्याचं काम केलं, लोकांच्या छताखाली मान वर करून चुना डोळ्यांत घेतला, तेव्हा कुठं तो विकत घेतला. पण माझा म्हणजे कसा? जमीन मालकाची, इमारत मालकाची, जिन्यातला अंधारसुद्धा मालकाचा. आपण विकत घेतो ती फक्त वर्षं. ती सरली की फ्लॅट भिंतीदारांसकट, तुम्ही हौसेनं बसवलेल्या फरशीसकट, गुपचूप मालकाच्या खिशात जाऊन बसतो. आम्ही घेतला तेव्हाच त्यातली बरीच वर्षं आधीच्या लोकांनी वापरून उष्टी केलेली होती. पुढं पुढं तर अशी पाळी आली की आधी मी संपतो की आधी पट्टा, अशी शर्यत लागली. मी आधी गेलो असतो तर सुटलो असतो. पण ही माझ्याहून लहान, आणि हिच्या माहेरच्या बायका मरायचं नावच घेत नाहीत. म्हणजे मी वर, आणि ही म्हातारपणी गाठोडं घेऊन फुटपाथवर.

"माझ्या माहेरावर घसरू नका," ही परातीतून मान वर न करता म्हणाली.

तर ऐकत होती.

पट्टा वाढवून मिळतो, पण त्याची किंमत आपल्याला मालकाकडे मोजावी लागते, आणि ती ठरते फ्लॅटच्या भावावर. तो भाव काढायला व्हॅल्युअर घरात येतो, भिंती बडवतो, नळ सोडून बघतो, खिडकीतून बाहेर डोकावतो. घर देखणं दिसलं की भाव चढला. म्हणून आमच्या इमारतीत एक रीत पडून गेली होती. सांगायलाही लाज वाटते. व्हॅल्युअर यायचा म्हटलं की घर घाण करायचं. विचार करा, माणूस काय थराला जातो! आपलं घर आपलं राहावं म्हणून आपणच त्यावर थुंकायचं.

त्यासाठी तळघरात सामायिक सामान ठेवलेलं असायचं. किल्ली घड्याळजीकडे.

"माझ्याकडे सांभाळायला होती," घड्याळजी म्हणाला. "सामान माझं नव्हतं."

"तुझं नव्हतं, पण जिव्हाळा तुझाच होता."

काय काय होतं त्यात! एक गादी होती, मधोमध माणसाच्या आकाराचा तपकिरी डाग असलेली. तो माणूस कोण आणि त्याचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नसे. एक तडा गेलेला कमोड. पाण्यानं फुगून गरोदर झालेलं एक दार. झुरळांच्या लेंड्यांनी काळा पडलेला कपाटाचा खण. आणि एक पडदा, त्याला हात लागला तर हात धुवावा, धुतल्यावर वास घ्यावा आणि पुन्हा धुवावा. ज्याच्याकडे व्हॅल्युअर यायचा त्याच्या घरी हे सगळं जिन्यानं वर चढवायचं, त्याचं चांगलं सामान शेजाऱ्याकडे सरकवायचं, आणि व्हॅल्युअर गेला की पुन्हा तळघरात. लोक लग्नाची भांडी एकमेकांकडून मागून नेतात, आम्ही कमोड मागून न्यायचो.

"मग मलाही तेच द्या की," शिंपीण म्हणाली. नाकावर पदर होता, पण डोळ्यांत आशा.

"तेच तर आता चालत नाही. कसं चालेल? व्हॅल्युअर दर खेपेला तोच. घड्याळजीच्या घरी आला, कमोडवर हात ठेवला आणि म्हणाला, हा मागच्या वेळी वरच्या मजल्यावर होता ना? बरा आहे ना तो?"

"माझ्या तोंडावर म्हणाला," घड्याळजी म्हणाला. "आणि गादीला म्हणाला, तुम्ही थकलेल्या दिसता."

हा व्हॅल्युअर म्हणजे एक वेगळीच चीज होती. इमारतीत त्याला सगळे 'रुमाल' म्हणायचे, कारण त्याच्या हातात कायम एक पांढरा, कडक इस्त्रीचा, अत्तर मारलेला रुमाल असायचा. दाराची कडी रुमालानं धरायची, जिन्याचा कठडा रुमालानं पुसायचा, तुमच्याशी बोलतानाही रुमाल ओठांपाशी, जणू तुमचे शब्द उडून त्याच्या तोंडात जाणार आहेत. मला त्याचा तिटकारा होता. घाणेरडा माणूस मी सहन करू शकतो, पण समोरच्याला घाणेरडं ठरवून स्वतः चकचकीत राहणारा नाही.

तेव्हा मी ठरवलं, याला उसनी घाण दाखवायची नाही. याला अस्सल, घरची, ताजी घाण दाखवायची.

आता मी रंगारी. पहिल्यांदा वाटलं, भिंतीवर ओल रंगवावी. मी रंगवलेली भेग बघून एकदा एका बाईनं घर सोडलं होतं...

"ती घर बदलणारच होती," ही म्हणाली.

...पण रुमाल भिंतीवर नख फिरवून बघतो. म्हणून खरीच ओल करायची. कपाटामागच्या भिंतीला ओली पोती लावली. त्यांवर नासलेलं दूध ओतलं, शिळा पाव कुस्करून थापला. चार दिवसांत भिंतीवर मऊ राखाडी लव उठली, मग हिरवी, मग एक असा रंग जो मी एवढ्या आयुष्यात कुठल्याच डब्यात बघितला नव्हता. पण नुसतं डोळ्यांना दिसून काय उपयोग? नाकाला पण पटलं पाहिजे. तुम्हाला सरस माहीत आहे ना? हाडं-कातडी उकळून करतात तो, आम्ही जुन्या काळी रंगात घालायचो. तो पाण्यात भिजवून उन्हात ठेवून विसरला ना, की वास असा येतो की जनावर मेलंय, आणि मेल्यानंतर पुन्हा मेलंय. मी बादलीभर भिजवला आणि विसरलो नाही, रोज ढवळला. ओट्याखालच्या कपाटात बटाटे ठेवले. सडका बटाटा कधी हातात घेतलाय? घेतला जातच नाही. तो बोटांमधून वाट काढतो. आणि न्हाव्याकडून गोळा केलेले केस तेलात भिजवून बेसिनच्या भोकात कोंबले. पाणी सोडलं की केस जागे व्हायचे.

शिंपिणीनं पदर तोंडात कोंबला होता.

"तोपर्यंत ही बहिणीकडे पाहुणचाराला गेली," मी म्हटलं.

"पाहुणचाराला नाही," ही म्हणाली. "जिन्यावरून ओकत गेले."

मला वाटलं तिनं जरा अभिमानानं बोलावं. एवढी घाण एकट्या माणसानं, या वयात, कुणाची मदत न घेता केली होती. पण बायकांना कलेची कदर नसते.

रुमाल आला. दारातच थांबला. आधी त्याच्या अत्तराचा वास आत आला, तो सरसाच्या वासाला भेटला, आणि मी शपथेवर सांगतो, अत्तर मागच्या पावली जिना उतरून गेलं. रुमालाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग पिवळा, मग माझ्या भिंतीशी जुळणारा. तरी माणूस जिद्दीचा. आत आला. भिंतीकडे पाहिलं. बेसिनचा नळ सोडला आणि चटकन बंद केला. मग तो खाली वाकला आणि त्यानं ओट्याखालचं कपाट उघडलं.

बटाटे बाहेर आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले.

रुमालानं मोजपट्टीच्या पिशवीत ओकारी काढली. बराच वेळ काढली. मी मागं उभा राहून मनातल्या मनात हिशेब करत होतो, भाव इतका खाली, आणखी खाली, आता मालकानंच मला काहीतरी द्यायला हवं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"ते मला माहीत आहे," ही म्हणाली.

रुमालानं तोंड पुसलं. इस्त्रीचा रुमाल पहिल्यांदाच मी मळलेला पाहिला. आणि मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, तो कमोड का नाही आणलात?"

"कुठला कमोड?" मी म्हटलं.

"तुमच्या इमारतीचा. तो आणला असता तर मी हसलो असतो, नाटक आहे म्हणून सोडून दिलं असतं. इतकी वर्षं सोडतच आलोय. पण हे खरं आहे. पट्ट्यात स्पष्ट लिहिलंय, राहणाऱ्यानं घर धड ठेवायचं. न ठेवलं तर मालक मुदत वाढवून देणं सोडाच, पट्टाच रद्द करू शकतात. अशा घराचा मी भाव काढणार नाही. मालकांना कळवतो. ते स्वतः येऊन बघतील, आणि हे असंच असेल तर तुम्ही सामान बांधायला घ्या."

आणि जिन्यानं पळत सुटला.

मी तिथंच, त्या ओल्या पोत्यावर बसलो. इतकी वर्षं अख्खी इमारत आपल्या हातानं आपल्याविरुद्ध पुरावे मांडत होती, आणि त्या माणसाला ते खोटे आहेत हे कळत होतं म्हणून आम्ही वाचलो होतो. अख्ख्या इमारतीत एकच माणूस खरं वागला, आणि त्याचंच घर जायला निघालं. माझ्यासारख्यानं आयुष्यात एकदा खरेपणा केला, त्याची ही अशी फेड.

"मग साफ करायचं ना!" शिंपीण म्हणाली.

"केलं नाही असं वाटतं तुला?"

आता ऐका. सकाळी मी पत्रा घेऊन भिंत खरवडली. दुपारी ती होती तशीच. पुन्हा खरवडली, संध्याकाळी दुप्पट. मी जितकी खरवडायचो तितकी ती जोमानं वाढायची, दाढीसारखी. शेवटी कात्रीनं कापायला लागलो. कापलेली बुरशी बादलीत टाकली तर बादलीत रुजली. चुना मारला, तर चुन्याला ओल सुटली. सरसाची बादली जिन्यावरून नेताना हिंदकळली आणि चार पायऱ्यांना झुरळं लागली, साधी नव्हेत, बोटाएवढी, आणि त्यांना माणसाची भीतीच वाटत नव्हती. मी चप्पल उगारली की ती थांबून बघायची, हा काय करतोय म्हणून.

"दोन झुरळं होती," ही म्हणाली.

"तू बहिणीकडे होतीस."

"मी परत आल्यावर दोन होती. दोन्ही मेलेली."

"तीच ती. बाकीची पळाली."

घड्याळजी हसला आणि मला त्याचा राग आला, पण गोष्ट अर्धी राहू नये म्हणून मी पुढं गेलो.

मालक आला तेव्हा घर तसंच होतं. मी दारात उभा, अंगात सदऱ्याखाली घामाच्या धारा, डोळ्यांसमोर ही फुटपाथवर गाठोडं घेऊन. जिन्यावर जड पावलं वाजली. आधी मला त्याचा श्वास ऐकू आला, ओला, खरखरीत, जणू कुणी गटाराचं झाकण सरकवतंय. मग तो दिसला.

आता मालक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कोट, काठी, सोन्याची साखळी. माझ्याही आलं होतं. पण हा माणूस! कॉलर मानेच्या मळानं ताठ उभी. कानातून केस, केसांतून मेण. खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक निवडली, ती कानात फिरवली, जे निघालं ते बघितलं, आणि त्याच किल्लीनं दात कोरले. कुणाच्या दाराची किल्ली होती देव जाणे. नखांखाली काळं नव्हतं, कारण नखं पूर्णच काळी होती. माझा हात हातात घेऊन त्यानं हलवला आणि मला माझा हात परत घ्यावासा वाटेना.

आत आला, थांबला, आणि त्यानं नाकपुड्या फुगवल्या. मी डोळे मिटले.

"कसला वास येतोय हा?"

"सरसाचा, साहेब," मी म्हटलं. "चुकून."

"दार लावून घ्या," मालक म्हणाला. "वाया जाईल."

मी दार लावलं. मालकानं बूट काढले. मग मोजे. मोजे निघाले नाहीत, सोलले गेले. ते त्यानं माझ्या टेबलावर जपून ठेवले. अनवाणी पायांनी तो घरभर फिरला, फरशीवर पाय चिकटत होते, सुटत होते, चट्‌ चट्‌ आवाज येत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान की मला माझीच किळस आली. बेसिनचा नळ सोडून त्यानं केस जागे केले आणि त्यांच्याकडे बघत बसला. बटाट्यांची चौकशी केली. मग भिंतीपाशी गेला, बोटानं बुरशीची एक जाड पट्टी काढली, उजेडात धरली आणि तोंडात घातली.

शिंपीण तोंड दाबून मोरीकडे गेली. पाण्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, "सांगा पुढचं."

"आंबूस आहे," मालक म्हणाला. "पण मागून गोडी येते."

मग तो खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. म्हणाला, "माझ्या घरी बायको, दोन सुना, वर मोलकरीण. मी उठलो की माझ्या खालची चादर धुवायला जाते. जेवता जेवता ताट विसळतात. लहानपणी आई खसाखसा घासायची, म्हातारपणी नाती घासतात. सांगा, माणसानं आपल्या स्वतःच्या वासात घटकाभर बसायचं तरी कुठं? तुमच्या घरात आलो आणि वाटलं, आलो बुवा एकदाचा."

मी म्हटलं, "मग पट्टा वाढवून देता ना?"

"छे!" मालक म्हणाला. "वाढवून कशाला देऊ? मुदत संपली की मीच इथं राहायला येतो. तुम्ही दोघं कुठंतरी स्वच्छ जागा बघा."

कळलं का? घर घाण म्हणून जाणार होतं, ते आता घाण आवडली म्हणून चाललं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एकीकडे तो रुमाल, नाक मुरडून माझं घर काढून घेणारा. दुसरीकडे हा डुक्कर, मिटक्या मारत तेच घर काढून घेणारा. एक धुतलेला, एक न धुतलेला, पण दोघांचा हात माझ्याच दाराच्या कडीवर. आणि मधे मी, मी काय कमी? माझ्या बायकोनं इतकी वर्षं झाडून पुसून आरशासारखं ठेवलेलं घर मी चार दिवसांत डुकराला आवडेल असं केलं होतं. त्या क्षणी मला सगळ्या मनुष्यजातीची शिसारी आली.

"हे बाकी खरं बोललात," ही म्हणाली, आणि सोलायची थांबली.

मी दाराला कडी घातली. आतून कुलूप लावलं, किल्ली बनियनमध्ये टाकली. न्हाणीत गेलो. कडकडीत पाण्याची बादली काढली आणि साबणाची नवी, कोरी वडी. वेष्टन फाडल्याचा आवाज ऐकताच मालकाचे कान हलले.

"ते काय आहे?" तो म्हणाला.

"काही नाही. आंघोळीचं बघतोय."

"कुणाच्या?"

मी वडी पाण्यात बुडवली, हातांत घोळवली आणि फेस काढला. असा पांढराशुभ्र फेस, की खोलीतल्या अंधारात तेवढाच चमकत होता. मालक भिंतीला टेकला. बुरशी त्याच्या पाठीला चिकटली, तरी तो मागंच सरकत होता.

"दार उघडा."

"उघडतो की. पट्ट्यावर सही करा, जितकी वर्षं कायद्यात बसतात तितकी वाढवून द्या, लगेच उघडतो. नाहीतर मानेपासून सुरुवात करतो."

"मी पोलिसांत जाईन!"

"जा. पण धुतलेले जाल. तिथं तुम्हाला कोण ओळखणार?"

त्यानं खुर्चीवर चढून पाय दुमडून घेतले, आणि मी बादली जरा जवळ सरकवली. पाणी नुसतं हललं, तर तो लहान पोरासारखा किंचाळला. मग त्यानं त्या खुर्चीवर, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. एक नाही, जिथं जिथं जागा होती तिथं तिथं केली. आणि कडी काढताच जो सुटला तो जिन्यानं बिनमोज्यांचा, बिनबुटांचा. चार पायऱ्यांवरची झुरळं त्याला सोडायला खालपर्यंत गेली.

मी खुर्चीत मागं रेललो. घड्याळजी टाळ्या वाजवत होता, पण कुत्सित. शिंपीण मात्र पुढं सरकली होती. तिच्या चेहऱ्यावरची किळस ओसरली होती आणि तिथं काहीतरी वेगळंच आलं होतं, निश्चय.

"म्हणजे काका," ती म्हणाली, "मी करू का घर घाण? अगदी खरोखरची? मशिनं बहिणीकडे हलवते. मुलांना आजोळी पाठवते. तो सरस कुठं मिळतो?"

"कर," मी म्हटलं. "मनापासून कर. लाजू नकोस. सरस मी आणून देतो, बटाटे तू आजच घेऊन ठेव. मालक तुझ्याकडे आला की साबणाची वडी तेवढी..."

परात जमिनीवर आपटली. मटार खोलीभर घरंगळले. ही उभी राहिली होती. इतक्या वर्षांत मी तिला अशी उभी राहिलेली फारदा बघितलेली नाही.

"पोरी, यातलं काहीसुद्धा करू नकोस," ती शिंपिणीला म्हणाली. "घर जाईल तुझं. माझं जाताजाता राहिलंय."

"अगं, मी सांगतोय ना तिला..."

"तुम्ही गप्प बसा! कुठला मालक? अहो, मालक कुठला? ती बाई आहे! मालकीण! माझ्याहून वयानं मोठी, काठी टेकत आली. मी आणि माझ्या बहिणीनं गुडघ्यांवर बसून या भिंती घासल्या होत्या, ते केस मी माझ्या या बोटांनी ओढून काढले होते, बटाटे मी काढले होते, आठवडाभर अन्नाला हात लावायची किळस येत होती मला. ती आली, कपाटामागं डोकावून बघितलं, आणि म्हणाली, घर नीट ठेवलंय, वाढवून देते. पाणी प्यायली आणि गेली. सही तिच्या घरी झाली, तिथंही मीच गेले होते. आणि तुम्ही कुठं होता? घड्याळजींच्या संडासात, आतून कडी लावून!"

"दोनदा हाक मारली मी," घड्याळजी म्हणाला.

"बुरशी चाटली म्हणे! अहो, तुम्ही तिचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही!"